टाकावरचं कोकरू

संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘‘आण्णा, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लोकांना देव आवडतात आणि गमतीही आवडतात.’’ मी हो म्हणालो आणि चार दिवस कोऱ्या कागदासमोर नुसता बसून राहिलो. गमती नाहीत असं नाही. पण एकेक आठवायला लागलो की गाडी दर वेळी एकाच जागी येऊन अडते, आणि ती गोष्ट काही गमतीची नाही. तेव्हा आधी गमती सांगतो, म्हणजे संपादकांना दिलेला शब्द राहील. मग माझं सांगतो.

मी टाक करणारा माणूस. टाक म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे छोटे देव. दोन-तीन बोटं रुंदीचा पत्रा, त्यावर उठावात काढलेला कुलदेव किंवा कुलदेवी. पूर्वी हे कुणाला सांगावं लागत नसे. आता लागतं. एका मुलीने दुकानात मला विचारलं होतं, ‘‘काका, याला साखळी कुठे अडकवायची?’’ भाऊ वेगळे झाले, नवं घर बांधलं, घरात लग्न निघालं की टाक लागतात. जुने झिजले की नवे करून घेतात. सांगलीच्या पेठेतल्या एका बोळात आमचं दुकान होतं. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी नावारूपाला आणलं, मी चालवलं आणि मीच बंद केलं. मुलगा बँकेत आहे, विश्रामबागेत त्याचा फ्लॅट आहे, आता आम्ही तिथेच राहतो. त्याने धंदा पुढे नेला नाही म्हणून मी त्याला दोष देत नाही. माझाच उजवा हात कापायला लागला होता आणि कापऱ्या हाताने काढलेला देव कुणी घेत नाही.

काम दिसायला सोपं. आमच्याकडे ओतीव धातूचे ठसे असतात, त्यावर देव उंच कोरलेला असतो. चांदीचा पातळ पत्रा तापवून मऊ करायचा, ठशावर बसवायचा आणि हलक्या हाताने ठोकत ठोकत देव वर आणायचा. मग बारीक छिन्नीने डोळे, मिशा, दागिने काढायचे. ठसा कोरायला आठ-दहा दिवस जातात, पण एकदा कोरला की तीन पिढ्या चालतो. म्हणून ठसे म्हणजे आमची खरी इस्टेट. नवा ठसा कोरायची वेळ आली की कारागीर मनातून कुरकुरतो, मीही कुरकुरायचो.

देव ओळखायचा तो हातातल्या वस्तूंवरून आणि सोबतच्या मंडळींवरून. चेहरे आम्ही सगळ्यांचे सारखेच काढतो. दुकान बंद झालं आहे, तेव्हा हे गुपित फोडायला हरकत नाही. आमच्या सातारा-सांगली भागात सगळ्यात जास्त मागणी खंडोबाची. चार हात असतील तर खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र. त्रिशूळ आणि डमरू शंकराचे, कारण हा त्याचाच अवतार. खड्ग मणी आणि मल्ल या दैत्यांसाठी, मल्लाला मारलं म्हणून मल्हारी. पानपात्रात नेमकं काय आहे यावरून माझ्या दुकानात दोन पुजाऱ्यांची हमरीतुमरी झालेली मी पाहिली आहे. टाकावर जागा कमी, म्हणून देव घोड्यावर, सोबत म्हाळसा, घोड्याच्या पायाशी दैत्याचं मुंडकं आणि कुत्रा, एवढं बसतं.

या देवाला कामंही पुष्कळ. घोड्यावर बसला की राजा. साताऱ्याकडच्या पालीला म्हाळसेशेजारी बोहल्यावर उभा राहिला की नवरदेव. भंडारा उधळला की सोन्याची जेजुरी. आणि बाणाईवर मन जडलं तेव्हा हाच राजा तिच्या बापाकडे चाकर राहिला आणि धनगराची मेंढरं राखत हिंडला. एक बायको वाण्यांची, एक धनगरांची, दोघींची भांडणं सोडवता सोडवता त्याची होणारी तारांबळ जागरणात ऐकली की संसारी माणसाला तो अगदी घरचा वाटतो. भंडारा म्हणजे हळद, आणि सांगलीत हळदीचा बाजार. आमच्या बोळातल्या वाऱ्यालाही त्याच्या पूजेचा वास यायचा.

हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि माझी खोड अशी की आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते ऐकवायचो. समोरचा मान हलवायला लागला की मला चढायचं. ‘‘आण्णांना सगळं ठाऊक असतं,’’ असं कुणी म्हणालं की त्या दिवशी मला जेवण दोन घास जास्त जायचं. बायको म्हणायची, ‘‘देव करून द्या की, देवावरून गिऱ्हाइकांची परीक्षा कशाला घेता?’’

एकदा साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले. पीळदार मिशा, कडक इस्त्री. टाक हातात घेतला आणि कवायतीला उभ्या जवानाकडे बघावं तसं खंडोबाकडे बघू लागले.

‘‘आण्णा, ह्यो स्वार पडणार.’’

‘‘कसा काय पडणार? देव आहे तो.’’

‘‘द्येव असला तरी घोडा घोडाच हाय की. उजव्या हातात तलवार, डाव्यात वाटी. लगाम कुणी धरायचा?’’

मी म्हणालो, परंपरेने हे असंच चालत आलं आहे. सुभेदार म्हणाले, ‘‘परंपरा ऱ्हाऊ द्या. बाईसाहेबांस्नी फुडं बसवा आन लगाम त्यांच्याकडं द्या. आमच्या घरात बी तसंच हाय.’’ दुकानात हशा पिकला. मी मुकाट्याने म्हाळसेला पुढे घेतलं आणि तिच्या हातात लगाम दिला. तशी ती काही जुन्या टाकांत पुढे असतेच, तेव्हा शास्त्र मोडलं नाही. पण मी ते शास्त्र आठवून केलं नाही, सुभेदारांच्या आवाजाला घाबरून केलं.

दुसरं एक जोडपं पुण्याहून आलं. दोघंही कॉम्प्युटरवाली. त्यांना खंडोबा हवा होता, पण दैत्याचं मुंडकं नको. ‘‘आमची मुलगी लहान आहे, तिला कापलेलं डोकं बघवणार नाही. तिथं फूल घालता येईल का?’’ मी आधी मणी-मल्लाची कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा म्हणाले, ‘‘फूल घालता येईल का?’’ मी फूल घातलं. त्यासाठी ठशावर मेण लावून जागा बदलली, अर्धा दिवस गेला. मला तेव्हा आपण किती लवचिक आहोत याचं कौतुकच वाटलं होतं.

ही दोन गिऱ्हाइकं मुद्दाम सांगितली. सुभेदारांसाठी मी देवाची बायको हलवली, पुण्याच्या साहेबांसाठी दैत्याचं फूल केलं. आता गंगव्वाचं सांगतो.

लग्नसराई होती. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली. सत्तरीच्या पुढची एक बाई पायरी चढून आली. डोक्यावर पदर, कपाळावर भंडारा, पायात टायरच्या चपला. जत तालुक्यातून, अगदी कर्नाटकाच्या हद्दीजवळून, दोन एसटी बदलून एकटीच आली होती. धनगर. लुगड्याच्या सोग्याची गाठ सोडून तिने एक टाक काढला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

‘‘आण्णा, ह्यो आमचा द्येव. लय झिजलाय. नवा करून द्या, पर हाय तसाच.’’

मी विचारलं, ‘‘यात काय काय आहे ते माहीत आहे ना, आजी?’’ परीक्षाच ती.

‘‘म्हाईत नसंल व्हय? घोड्यावर मल्हारी हाय. मागं आमची बानाई हाय. आन घोड्याच्या पोटाखाली कोकरू हाय.’’

मी भिंग डोळ्याला लावलं. टाक खरोखरच झिजला होता. घोड्याच्या पोटाखाली नुसता एक गुळगुळीत उंचवटा राहिला होता. पाय नाहीत, कान नाहीत, शेपूट नाही. मागच्या बाईच्या खांद्यावर काहीतरी रेघ होती, तीही पुसट. असा टाक हातात आला तर कोणताही कारागीर जे म्हणेल तेच मी म्हणालो.

‘‘आजी, घोड्यावर देवाबरोबर असते ती म्हाळसा. बाणाई नव्हे. आणि खाली असतो तो कुत्रा. कोकरू कुठून आलं?’’

‘‘न्हाई वो. कोकरूच हाय. बानाईचं. माज्या सासूनं मला सांगिटलंय.’’

‘‘सासूबाईंना दिसत होतं का नीट?’’

लोक हसले. मी हसवण्यासाठीच म्हणालो होतो. गंगव्वा मात्र हसली नाही. तिने खरं तेच उत्तर दिलं. ‘‘शेवटाला न्हवतं दिसत. हातानं चाचपायची.’’

यावर लोक आणखी हसले आणि माझं व्याख्यान सुरू झालं. खड्ग, पानपात्र, म्हाळसा, कुत्रा, प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचा अर्थ. भिंतीवरच्या तसबिरीवर बोट ठेवून मी तिला देव शिकवला. जिच्या घरी देवाने मेंढरं राखली असं मीच सगळ्यांना सांगायचो, तिलाच शिकवला. ती पदराचं टोक धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘तुमी शिकल्यालं. तुमाला जास्त कळतं. पर जुनी चांदी नव्यातच घाला. द्येव घराभाईर जाऊ दिऊ नगासा.’’

ही रीत पुष्कळ घरांत आहे. जुना टाक नदीत न सोडता वितळवून त्याचीच चांदी नव्या टाकाला वापरायची. मी बरं म्हणालो. पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा नवा टाक तयार होता. घोडा, देव, म्हाळसा, आणि खाली शेपूट वर केलेला झकास कुत्रा. गंगव्वाने डोळ्यांनी पाहिलं नाही. अंगठा घोड्याच्या पोटाखाली फिरवला. अंगठा शेपटीपाशी थांबला.

‘‘कुत्रंच,’’ ती म्हणाली. मग टाक सोग्यात बांधला आणि मला नमस्कार करून गेली. माझ्या पाया पडायला वाकली होती, मी अडवलं नाही.

यानंतर दोनेक वर्षांनी दुकान बंद केलं. माळ्यावरच्या पेट्या काढताना एका पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला एक ठसा सापडला. आजोबांच्या हातचा. त्यांची छिन्नी मी कुठेही ओळखीन, घोड्याच्या आयाळीला ते तीन तीन रेघांची बट काढायचे. घोड्यावर देव, मागे बाई, तिच्या खांद्यावर आडवी काठी, आणि घोड्याच्या पोटाखाली गुडघे दुमडून बसलेलं कोकरू. जतच्या बाजूच्या धनगरांसाठी आजोबांनी तो वेगळा कोरलेला असणार. मी ठसा मांडीवर घेऊन बसलो. मुलगा म्हणाला, ‘‘काय झालं, आण्णा?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही, जुना ठसा आहे.’’

त्या ठशावर मी एक टाक केला. कापऱ्या हाताने, थांबत थांबत, आठवडाभर. माझ्या हातचा तो शेवटचा टाक. तो घेऊन मी जतला गेलो.

गंगव्वाचा नातू मायाप्पा मोटारसायकल घेऊन स्टँडवर आला होता. फोन नंबर दुकानाच्या वहीत होता, म्हणून आदल्या दिवशी फोन केला होता. फक्त ‘देवाचं काम आहे’ एवढंच सांगितलं होतं. गावाबाहेर पत्र्याचं घर, पलीकडे जाळी लावून त्यात मेंढरं, समोर कोरडं रान. पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेला होता, अंगणात भरलेल्या घागरींची रांग होती. गंगव्वा दारात बसली होती. मला बघून उठली. ‘‘बर्री, बर्री,’’ म्हणजे या, या, असं कानडीत म्हणाली आणि मग नातसुनेला, ‘‘सुवर्णा, घोंगडं टाक गं. सांगलीचं आण्णा आल्यात.’’

मी घोंगड्यावर बसलो. विषय कसा काढावा हे समजेना. म्हणून विचारलं, ‘‘आजी, देव बरे आहेत ना?’’

‘‘बरं हायत की. तुमी सांगिटलं तवापास्नं आमी समदं नीट करतोय.’’

‘‘नीट म्हणजे?’’

मग तिने सांगितलं. त्यांच्या घरात एक रीत होती. रोज सकाळी मेंढरं रानात सोडायच्या आधी घरातली थोरली बाई भंडाऱ्यात अंगठा बुडवायची आणि टाकावरच्या कोकराला लावायची. मग त्याच अंगठ्याने दारातल्या प्रत्येक कोकराच्या कपाळाला. आधी देवाचं कोकरू, मग आपली. तिच्या सासूने केलं, सासूच्या सासूने केलं. टाक वयाने झिजला नव्हता. त्याच एका जागी इतक्या बायकांचा अंगठा रोज फिरत आला होता.

‘‘पर तुमी म्हणलासा कुत्रं हाय. मग कुत्र्याचा भंडारा कोकरास्नी कसा लावायचा? मोडली रीत. ह्या पोरीस्नी बी सांगिटलं, माज्या सासूला दिसत न्हवतं, ती आंधळेपणानं काय बी सांगायची. आमी उगंच तिचं ऐकत बसलो.’’ तिने जाळीकडे हात केला. ‘‘त्या साली आठ कोकरं गेली. डाक्टर म्हणला साथ हाय. माज्या मनात आलं, इतकी वरसं भलत्याच जनावराला कोकरू म्हणत आलो, द्येव रागावला असंल.’’

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण टाक खिशात होता. मी तो काढला आणि तिच्या हातात दिला. ती डोळ्यांजवळ नेईल असं मला वाटलं, पण तिने सवयीने अंगठाच लावला. घोड्याच्या पोटाखाली. गुडघ्यांवरून, कानांवरून अंगठा फिरत राहिला. मग तिने दुसऱ्या हाताने पदर तोंडाला लावला. रडताना तिचा आवाज आला नाही, फक्त खांदे हलत होते. मायाप्पा घाबरला. ‘‘आज्जे, काय झालं गं?’’

‘‘कोकरू हाय रं,’’ ती म्हणाली. ‘‘कोकरूच हाय. म्हातारी खरं सांगत व्हती. मी मेलेल्या बाईला खोटं पाडलं रं.’’

सुवर्णा आणि शेजारच्या दोघी-तिघी गोळा झाल्या. गंगव्वा डोळे पुसून माझ्याकडे वळली. ‘‘आण्णा, तुमीच सांगा ह्या पोरीस्नी. मी एकदा कुत्रं म्हणलं, आता कोकरू म्हणलं तर म्हणतील, म्हातारीला चळ लागला. तुमचं ऐकत्यात.’’

मी उभा राहिलो. मी सांगितलं की आजींचं बरोबर होतं. माझ्या आजोबांचा ठसा सापडला, त्यावर कोकरूच आहे आणि मागे बाणाईच आहे. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं तेच खरं. माझी चूक झाली. आणि मग मी पुढचं वाक्य म्हणालो. ‘‘पण टाक इतका झिजला होता की ते कुणालाच ओळखता आलं नसतं.’’

गंगव्वा मान डोलवत होती. ‘‘व्हय की. लय झिजलावता. त्येला आण्णा तरी काय करतील?’’ मग ती पोरींना म्हणाली, ‘‘बघा गं. एवढा मोठा कारागीर, हितवर येऊन आपली चूक सांगतोय. असं माणूस असावं.’’

मी विचारलं, ‘‘मग तो आधीचा टाक मी परत नेऊ का?’’

‘‘छ्या! घरात आल्याला द्येव भाईर कुणी काढतंय व्हय? दोनी ऱ्हाऊ द्या. मेंढरं हायत तर राखणीला कुत्रं नगं?’’

सगळ्या हसल्या. मीही हसलो. तिने त्याच बसल्या जागी भंडाऱ्याची वाटी मागवली आणि नव्या टाकाला अंगठा लावून बाहेर गेली. चार पायांच्या खऱ्या कोकरांना पकडून आणायला मायाप्पाची धांदल उडाली. मला चहा मिळाला, दूध घट्ट होतं, गूळ घातलेला. निघताना सुवर्णाने डबाभर ज्वारीचं पीठ दिलं, सांगलीत असलं मिळत नाही म्हणून.

मी बोलत असताना सुवर्णाने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. तो त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून कुठे कुठे फिरत माझ्या मुलाच्या बँकेत पोचला. ‘चूक कबूल करायला मोठं मन लागतं,’ असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. विश्रामबागेत सकाळी फिरायला गेलो तर लोक थांबवून हात हातात घेऊ लागले. या अंकाच्या संपादकांनीही तो व्हिडिओ बघितला होता. माझ्याकडे लेख मागण्याचं खरं कारण तेच, असं त्यांनी नंतर बोलता बोलता सांगितलं.

लेख इथे संपवता आला असता. काल संपवलाही होता. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘छान लिहिलंय.’’ मग रात्री मला चांगली झोप लागली, आणि त्याचीच मला सकाळी लाज वाटली. कारण वर मी एका जागी लिहिलं आहे की झिजलेला टाक पाहून कोणताही कारागीर तेच म्हणाला असता. ठसा सापडल्यावर ‘काही नाही’ म्हणालो, असंही लिहिलं आहे, जणू मला तेव्हाच पहिल्यांदा समजलं. जतला जे खोटं बोललो तेच मी या कागदावर पुन्हा लिहिलं, आणि आता वयाची पंच्याहत्तरी जवळ आली असताना लिहिलं. ठसा सापडल्यामुळे मला काही कळलं नाही. जे कळलेलं होतं ते सांगायला एक बरंसं निमित्त मिळालं, इतकंच.

झालं होतं ते असं. टाक आतून पोकळ असतो. ठोकून वर आणलेल्या देवाच्या पाठीमागे पोकळी राहते, तिच्यात लाख भरतात आणि वरून तांब्याचा पत्रा लावून पाठ बंद करतात. जुना टाक वितळवायचा तर आधी पाठ सोडवावी लागते. त्या दिवशी गंगव्वा गेल्यावर दुपारी गिऱ्हाइकं पांगली. मी टाक तापवला, तांब्याची पाठ सुटली, लाख गळून गेली. मऊ कुंचल्याने आतली राख झटकली आणि सवयीने पत्रा पालथा करून उजेडात धरला.

पाठीच्या आत कुणाचा अंगठा जात नाही. जिथे पत्रा ठशाला टेकलेला असतो ती बाजू तीच. सगळं तिथे शिल्लक होतं, आजोबांनी ठोकलं त्या दिवशी होतं तितकं स्वच्छ. मागची बाई, तिच्या खांद्यावर मेंढरं हाकायची काठी. घोड्याच्या पोटाखाली गुडघे दुमडलेलं कोकरू, पडलेले कान, दुभंगलेले खूर. आयाळीला तीन तीन रेघांची बट. भिंग लावायची गरजच नव्हती, तरी मी लावलं.

जतची गाडी सुटायला तासभर होता. स्टँड रिक्षाने दहा मिनिटांवर. गंगव्वा तिथेच कुठेतरी बाकावर बसलेली असणार. मी गेलो असतो तर तिला एवढंच सांगायचं होतं की आजी, तुमचं खरं. नाहीतर गेलो नसतो, नुसता कोकराचा ठसा कोरायला बसलो असतो, तरी चाललं असतं. पण लग्नसराई होती, आठ दिवस जाणार होते, आणि कुत्र्याचा ठसा समोर तयार होता. हीही खरी कारणं नाहीत. सकाळी जे चार लोक माझ्या बोलण्यावर हसले होते ते पुन्हा दुकानात येणार होते, आणि एका धनगराच्या बाईने आण्णाला शिकवलं असं त्यांनी म्हणायला नको होतं.

मी चिमट्याने पत्रा मधोमध दुमडला. कोकरू आतल्या घडीत गेलं. मग पुन्हा एकदा दुमडला, मुशीत टाकला आणि आच मोठी केली.